बुऱ्हाणपूरपर्यंतचं तिकीट

बुऱ्हाणपूर
५ नोव्हेंबर १९५६

ती. नानांस,

तुमचं कार्ड आज मिळालं. पत्त्यात अकोला, मुंबई राज्य. एप्रिलात तुम्ही निवृत्त होऊन प्रकाशदादाकडे गेलात तेव्हा अकोला आणि बुऱ्हाणपूर एकाच राज्यात होती. आता मधे सीमा आली. पोस्टमनने कार्ड दोनदा उलटून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तरसाहेब तो परदेसी हो गये."

तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. शाळेचा राजीनामा दिलास हे खरं का?

खरं आहे. महिना झाला. मीच आधी कळवायला हवं होतं. तीन पत्रं लिहिली आणि फाडली.

मी गाव दाखवते. बाहेरून आलेल्या लोकांना. ते त्याचा मोबदला देतात.

याची सुरुवात तुमच्यापासून झाली. एप्रिलात तुम्हाला गाडीत बसवलं आणि मी फलाटावरून परत फिरले. बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. मद्रासकडचं. त्यांची पुढची गाडी संध्याकाळी होती. बाईंनी विचारलं, या गावात बघण्यासारखं काय आहे? मला रडायचं होतं, पण ते घरी जाऊनही करता आलं असतं. मी त्यांना टांग्यात घातलं.

काय दाखवलं असेल? नवीन शाळेची इमारत. कापडाची गिरणी. पाण्याची उंच टाकी. पोस्ट. टाकीपाशी मी वर बोट करून तिची उंचीसुद्धा सांगितली. म्हाताऱ्याला टांग्यातच डुलकी लागली. आपल्या गावातलं कुणीही हेच केलं असतं, नाना. पाहुण्याला आपण नवं दाखवतो. जुनं म्हणजे पडकं, आणि पडकं झाकायचं असतं.

परतताना बाईंना तहान लागली. लालबागच्या पुढे शेतात, कुंड्यांची सफाई करणारा सुकलाल एका कुंडीतून पाणी काढत होता. त्याने तांब्या दिला. बाई प्यायल्या आणि त्यांनी कुंडीत वाकून पाहिलं. मग समोर पाहिलं. तशीच दुसरी कुंडी, तिच्यापुढे तिसरी, शेतातून ओळीने गावापर्यंत. त्यांनी विचारलं, या इतक्या विहिरी एका रेषेत कशा? मी म्हटलं, या विहिरी नाहीत. खालून एकच बोगदा आहे, त्याची ही तोंडं. डोंगरातलं पाणी त्यातून गावात येतं. साडेतीनशे वर्षं येतं आहे.

त्यांनी नवऱ्याला हलवून जागं केलं. तो म्हणाला, मोटर कुठे आहे? मोटर नाही म्हटल्यावर तो टांग्यातून उतरला. म्हणाला, मग पाणी वर कसं चढतं? उत्तर सुकलालने दिलं. "पानी चढत नाही साहेब. उतरतेच. आपल्याले उतार दिसत नाही, इतकंच."

त्या दिवशी त्यांनी संध्याकाळची गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी किल्ला पाहिला.

तेव्हापासून दर रविवारी मी स्टेशनवर जाते. लांबच्या तिकिटावर मधे उतरता येतं, तिकिटावर शेरा मारून घेतला की झालं. पुष्कळांना हे माहीत नसतं. मी सांगते. आता रविवार पुरत नाही, म्हणून शाळा सोडली.

सासूबाईंना माहीत आहे. त्या रागावलेल्या नाहीत. तुम्ही रागवाल हे मला माहीत आहे.

तुमची,
कुसुम


२ डिसेंबर १९५६

ती. नानांस,

माझं पत्र परत आलं. पाच ठिकाणी लाल पेन्सिल. तीन शुद्धलेखनाच्या चुका, एक विरामचिन्ह, आणि 'साडेतीनशे वर्षं' याखाली रेघ मारून समासात 'नक्की साल लिही.' आईने गावाहून लिहिलेली पत्रंसुद्धा तुम्ही अशीच तपासायचात. ती हसून विचारायची, उत्तर कुठे आहे?

यावेळी सोबत कार्डही आहे. ते मी चारदा वाचलं.

तुम्ही लिहिता, विधवा मुलीने परक्या पुरुषांबरोबर टांग्यातून फिरणं याला व्यवसाय म्हणत नाहीत. तुम्ही अकोल्याच्या ज्या मुलींच्या शाळेत बिनपगारी इतिहासाचे दोन तास घेता, तिथल्या मुख्याध्यापिका सुमनताई माझ्यासाठी एक जागा धरून ठेवायला तयार आहेत. आणि तुम्ही लिहिता, वाटसरू झाडाखाली थांबतो म्हणून झाड काही तीर्थ होत नाही. ज्या दिवशी एखादा शिकलेला माणूस दुसरं काहीही काम नसताना, केवळ हे गाव बघायचं म्हणून बुऱ्हाणपूरपर्यंतचं तिकीट काढून येईल, त्या दिवशी मी मानेन.

मला अट मान्य आहे.

मुदत मी ठरवते. पुढची दिवाळी. तोवर असा एक माणूस आला नाही तर मी सासूबाईंना घेऊन अकोल्याला येईन आणि सुमनताई देतील तो वर्ग घेईन. मधे उतरलेल्यांना मी मोजणार नाही. लग्नकार्याला, खरेदीला, कोर्टकचेरीला आलेल्यांनाही नाही. तुम्ही मला जसं मोजायला शिकवलंत तसंच मोजेन.

फक्त एक विचारते. तुम्ही बत्तीस वर्षं इतिहास शिकवलात. वर्गाच्या खिडकीतून किल्ल्याची भिंत दिसायची. एकदाही आम्हाला तिथे का नेलं नाहीत?

कुसुम


१७ फेब्रुवारी १९५७

ती. नानांस,

प्रश्नाखाली लाल रेघ आली, उत्तर आलं नाही. ठीक आहे.

इथे हंगाम आहे. थंडीत लोक येतात. या महिन्यात तेवीस जण. त्यांत एक प्राध्यापक, दोन डॉक्टर, एक नव्वदीला टेकलेल्या पारशी बाई. बाईंना किल्ल्याच्या पायऱ्या चढवेनात, तर हमालांनी खुर्चीत बसवून वर नेलं. हमामखान्याच्या छतावरचे रंग त्या अर्धा तास पाहत होत्या. मी काही बोलले नाही. हे मला आता कळलं आहे. लोकांना आधी पाहू द्यायचं, मग बोलायचं. मी सुरुवातीला उलट करत होते.

हे काम शिकावं लागतं, नाना. कुठे सावली कधी येते. माणूस उभ्याने किती ऐकतो, बसल्यावर किती. जामा मशिदीत अरबी लेखाजवळच संस्कृत लेख कोरला आहे. तिथे मी नुसती थांबते. पाहुण्याला तो स्वतःचा स्वतःला सापडला तर तो ते गाव विसरत नाही.

कुंडीसाठी मी एक युक्ती काढली. वरून वाकून पाहिलं तर नुसता काळोख दिसतो. माझ्या लग्नातला आरसा पेटीत पडून होता. हे गेल्यापासून त्याचा उपयोग नव्हता. आता मी तो उन्हात धरते आणि कवडसा आत सोडते. खाली पाणी चालताना दिसतं. लोक काठावर गुडघे टेकून वाकतात. पहिल्यांदा सुकलालच वाकला. दरवर्षी दोर बांधून तो आत उतरतो आणि बोगद्यात साचलेला चुना खरवडतो. म्हणाला, "मी तं नेहमी अंधारातच पाह्यलं, ताई. हे असं चमकते?" आता तो पाहुण्यांना चुन्याच्या खपल्या दाखवतो, कोणती किती वर्षांची ते सांगतो, आणि मला मधे बोलू देत नाही.

माझ्या मधल्या एका पत्रातल्या किल्ला ते असीरगड या भुयाराच्या गोष्टीवर तुम्ही 'पुरावा?' असं लिहिलंत. पुरावा नाही. टांगेवाल्याकडून ऐकलं होतं आणि मी ते खरं म्हणून पाच जणांना सांगितलं. लाज वाटली. आता मी दोन वाक्यं वापरते. 'हे लिहिलेलं आहे' आणि 'हे ऐकलेलं आहे.' प्राध्यापकांनी टोपी काढली आणि म्हणाले, असं कुणी सांगत नाही. ते श्रेय तुमच्या पेन्सिलीचं.

जेवण घरीच असतं. सासूबाई आधी म्हणाल्या, "लोकाईले दगडं दाखवते तू, अन् खायाले मी घालू?" आता कच्च्या केळाची भाजी आणि ज्वारीची भाकरी रोज जास्तीची होते. कलकत्त्याच्या एका डॉक्टरांनी तिसऱ्यांदा भाजी मागितली तेव्हा त्या आतून म्हणाल्या, "याले इचार, किल्ला पाहाले आला का भाजी खायाले?" चार टांगेवाल्यांचं घर आता या कामावर चालतं. मागावरचे विणकर मला पाहिलं की दार उघडं ठेवतात. याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा, मी उद्योग म्हणते.

तिकिटं मी पाहते. फाटकावर चुडामण आहे, तुमच्या हातचा सातवी पास. अट मी त्याला सांगितली आहे. लांबून कुणी पेटी घेऊन उतरला की तो तिकीट पाहतो आणि माझ्याकडे बघून मान हलवतो. "ताई, ये बी आगेकाच हाय. दिल्ली."

आजवर सगळे पुढचेच.

कुसुम


२६ मे १९५७

ती. नानांस,

एका कार्डाशिवाय दोन महिने लिहिलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

मार्चच्या शेवटापासून कुणी आलं नाही. ऊन असं आहे की फलाटावर कुत्रंही थांबत नाही. मी रोज दोन्ही गाड्यांना जाते. डब्याच्या खिडक्या बंद असतात. गेल्या महिन्यातलं माझं कार्ड, ज्यात मी 'बरं चाललं आहे' लिहिलं होतं, ते खोटं होतं. त्यावर तुम्ही एकही खूण केली नाहीत. ओळखलं असेल.

आणखी एक लपवलं होतं. शेजारच्या बारशाला मी गेले तेव्हा पाळण्याची दोरी माझ्या हातात आली नाही, तशीच पुढच्या बाईकडे गेली. मग कुणीतरी म्हणालं, "हिचं काय, ही तर ठेसनावर बसते." हसल्या सगळ्या. सासूबाई उठल्या. म्हणाल्या, "ठेसनावर बसते, पन आपल्या पायावर बसते. चाल व माय." नारळ न घेताच आम्ही निघालो.

घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुह्या नानाची शाळा चांगली हाय का?" मी म्हटलं, चांगली आहे. त्या म्हणाल्या, "अकोल्यात केळं कसे भेटतात?" त्या माझ्याबरोबर येतील. पण साठ वर्षं त्या या एका गावात राहिल्या आहेत.

दुपारी मी तुमच्या लाल खुणा एका वहीत उतरवून घेते. साल, नाव, अंतर. गावाची एवढी नीट वही आजवर कुणाकडे नसेल. ती अर्धी तुमची आहे.

कुसुम


२२ सप्टेंबर १९५७

ती. नानांस,

पाऊस उघडला. तापीचं पाणी उतरलं. लोक परत येऊ लागले. सोमवारी पाच, काल चार. सगळे पुढचे.

सुमनताई जागा अजून धरून आहेत हे तुम्ही कळवलंत. त्यांचे आभार माना. दिवाळीला महिना आहे. मी दिलेला शब्द फिरवणार नाही. पुस्तकं बांधून ठेवली आहेत, वही वर ठेवली आहे.

परवा चुडामण म्हणाला, "ताई, मी एक काम करू? माझ्या साल्याले खंडव्याहून तिकीट काढून बोलावतो. मॅट्रिक हाय." मी नको म्हटलं. तो म्हणाला, "मास्तरले काय माहीत पडते?" मी म्हटलं, मला माहीत पडतं.

तुम्ही हसला असाल तर बरं होईल.

कुसुम


१३ ऑक्टोबर १९५७

ती. नानांस,

तुम्हाला बहुतेक सगळं माहीत आहे. तरी मी लिहिते, कारण इथून ते कसं दिसलं हे तुम्हाला माहीत नाही.

काल शनिवारी मी नेहमीसारखी फाटकापाशी उभी होते. भुसावळकडून पॅसेंजर आली. एका डब्यातून मुली उतरू लागल्या. दोन वेण्या, निळे परकर, हातात डबे. मला वाटलं, कुठेतरी स्पर्धा असेल. त्या दोन रांगांत उभ्या राहिल्या. पुढच्या बाईंनी तिकिटांचा गठ्ठा चुडामणच्या हातात दिला. तो एक एक पाहू लागला. मधेच थांबला. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग फलाटभर ऐकू जाईल असा ओरडला, "ताई! सब के सब अपनेच! पुढे कोनीच जात नाही!"

तीस तिकिटं. अकोला ते बुऱ्हाणपूर. अठ्ठावीस मुली, दोन शिक्षिका. चुडामणने ती जमा करून घेतली, तसा नियम आहे. मी मागितली नाहीत. पण मोजली.

बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मी सुमन. तुम्ही आमच्याकडे यायच्या होतात. मुली ऐकेनात, म्हणून आम्हीच आलो."

मला तेव्हाही कळलं नव्हतं. कुंडीवर कळलं.

केळीच्या बागेतून रांग नेली. मुली बांधावरून चालत होत्या, जसं काही त्यांना वाट ठाऊक होती. पहिल्या कुंडीपाशी एकीने सुकलालला पाहिलं आणि दुसरीला कोपर मारलं, "हेच ते." सुकलाल मागे वळून पाहू लागला, आपल्यामागे कोण आहे म्हणून.

मी नेहमीसारखं विचारलं, मोटर नाही, तर पाणी चढतं कसं? आणि थांबले.

अठ्ठावीस आवाज आले. "पाणी चढत नाही. उतरतेच. आपल्याला उतार दिसत नाही, इतकंच."

माझ्या हातातला आरसा हलला. कवडसा झाडावर गेला. सुकलाल म्हणाला, "आँ? हे तं माहं बोलनं हाय!"

सुमनताईंनी मग सांगितलं. दर गुरुवारी शेवटच्या तासाला श्रुतलेखन. मास्तर खिशातून पत्र काढतात, घरचा मजकूर वगळतात, उरलेलं घालतात. मुलींच्या वह्यांत पूर्ण बुऱ्हाणपूर आहे. पारशी बाईंची खुर्ची आहे. सासूबाईंची भाजीसुद्धा आहे, ती वगळायला तुम्ही विसरलात असं त्या म्हणाल्या. मला तसं वाटत नाही.

पत्रं परत येत तेव्हा त्यांना खडूची पूड लागलेली असायची. मी ती झटकून टाकत होते.

वंदना नावाची एक मुलगी आहे, काळीसावळी, पुढचा दात तुटलेला. आरसा तिच्या हातात दिला. तिने कवडसा बरोबर पाण्यावर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. परतताना ती माझ्या बाजूने चालत होती. तिने विचारलं, "ताई, मोठेपणी हे काम करता येतं का? म्हणजे खरं काम?" सुमनताई आमच्या मागेच होत्या. त्या माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या हे मला पाठीला कळत होतं.

मी म्हटलं, "येतं. मी करते."

तीस माणसांना जेवायला घालायचं म्हणून सासूबाईंनी शेजारच्या चुली मागितल्या. बारशाच्या दिवशी हसलेल्या बायका भाकऱ्या थापत होत्या. सासूबाई त्यांच्यात फिरत होत्या आणि एकेकीला सांगत होत्या, "पातळ थाप व. पाव्हन्या शिकलेल्या हायेत."

संध्याकाळी गाडीत बसताना सुमनताई म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा येऊ, आणि खामगावच्या शाळेलाही कळवू. आणि एक सांगितलं. एकतिसावं तिकीटही सांगून ठेवलं होतं. मास्तर अकोल्याच्या स्टेशनवर आले, मुलींच्या रांगा सरळ केल्या, आणि मग म्हणाले, माझा गुडघा दुखतो, तुम्ही जा.

तुमचा गुडघा कधीच दुखत नव्हता, नाना.

अट पूर्ण झाली. मी अकोल्याला येणार नाही. पुस्तकं मी सोडून परत मांडली. या कामासाठी मी दोन मुलींना शिकवायला घेणार आहे, इथल्याच, सातवी झालेल्या. सुरुवात तुमच्या लाल खुणांच्या वहीपासून करीन.

मागे एक प्रश्न विचारला होता. किल्ल्यात का नेलं नाहीत. त्याचं उत्तर आता नको. मी स्वतः पोस्टाची इमारत दाखवली होती.

कुसुम


१८ ऑक्टोबर १९५७

ती. नानांस,

पत्र परत आलं. दोनदा पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. शुद्धलेखनाची खूण नाही, सालाखाली रेघ नाही. चार पानांत एकही लाल खूण नाही. फक्त शेवटी, माझ्या नावाखाली, लाल पेन्सिलीने: रविवार. सकाळची पॅसेंजर.

आज शुक्रवार आहे. हे पत्र उद्या पोचावं.

चुडामणला सांगितलं आहे. तो म्हणाला, "मास्तर असो नाही तं कलेक्टर, तिकीट तं मी पाहीनच." दाखवा. सासूबाईंनी विचारलं आहे, व्याह्यांना तिखट चालतं का? मी हो म्हटलं आहे.

ऊन बरोबर साडेदहाला कुंडीवर येतं. आरसा तुम्ही धरायचा आहे.

जुन्या चपला घाला. बागेत पाणी सोडलेलं असतं.

कुसुम